कमळाच्या मधोमध भोक

नवरा सैन्यातून कायमचा घरी आला तेव्हा सोबत एक काळी ट्रंक, एक बिस्तरा आणि एक खोकं होतं. ट्रंकेत काय असणार ते मला पाठ होतं. खोकं उघडलं आणि मी हबकलेच. आत विजेचं एक यंत्र होतं. दोन बाजूंना दोन मुठी, मधे उभी मोटर, खाली सपाट गोल बूड. मला वाटलं मिक्सरचा कसला तरी नवा प्रकार आणलाय.

"हे काय आहे?"

"राउटर. लाकडावर नक्षी कोरायचं मशीन. आमच्या युनिटातला सुतार वापरायचा. त्याच्या हाताखाली शिकलो मी."

इतकी वर्षं लग्नाला झाली होती. हा माणूस लाकडावर नक्षी कोरतो हे मला त्या दिवशी, आमच्या सांगलीच्या घरात, चहाचा कप हातात धरून कळलं. धक्का बसला, आणि रागही आला. एवढ्या सुट्ट्यांमध्ये एकदाही सांगावंसं वाटलं नाही? पण माणूस नुकताच घरी आला होता, आल्या आल्या भांडायचं कशाला, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, हे आधीच सांगून ठेवते.

घरात आम्ही तिघंच. मी, हे, आणि यांची आई. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. कडेगावजवळच्या गावात यांची उसाची जमीन होती, ती मोठे दीर बघत. आत्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या, मुलगा आता घरीच असणार म्हणून. माझं माहेर साताऱ्याचं, आणि नोकरी मिरजेला, एका दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून. रोज सकाळी सिटी बसनं जायचं, दिवसभर डॉक्टरांच्या हातात हत्यारं द्यायची, ती धुवायची, उकळायची, पुसून जागच्या जागी ठेवायची.

यांचा एक फौजेतला मित्र मुंबईला होता. पहारेकरी पुरवणाऱ्या एका कंपनीत त्यानं यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती, दिवाळीपर्यंत. हे मला म्हणाले, "दिवाळीपतूर ह्या मशीनवर काम करून बगतो. एक काम धड हातावेगळं झालं तर हितंच ऱ्हातो. न्हाईच जमलं तर दिवाळी झाली की मुंबई."

आमचा संसार सुट्टीसुट्टीनं झालेला. वर्षातनं एकदा हे यायचे, आठ दिवस पाहुण्यासारखे वागायचे, मग कुठं घरच्यासारखे होतायत तोवर ट्रंक भरायची वेळ यायची. आता मला नवरा घरात हवा होता. यात लाजण्यासारखं काय आहे? मला तो हवाच होता. तेव्हा ते मशीन चालणं ही यांच्यापेक्षा माझी गरज झाली.

पण मशीनला दात नव्हते. म्हणजे कापणारं जे पातं खाली बसवायचं, ज्याला बिट म्हणतात, तेच खोक्यात नव्हतं. बिटं सुतारानं स्वतःकडे ठेवून घेतलेली; ती आणायचा आणि निवडायचाही तोच. हे पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि मशीन न दाखवता नुसतं "लाकडाचं बिट द्या" म्हणाले. दुकानदारानं चांगली लांबलचक, पीळ असलेली दोन बिटं दिली. हे आनंदात आले. मागच्या पडवीत आंब्याची एक फळी खिळवली, बिट बसवलं, मशीन चालू केलं. मी दारात तांदूळ निवडत उभी होते. बिट फळीत सरळ आत गेलं, यांनी मशीन बाजूला रेटलं आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. बिटाचा तुकडा माझ्या कानाजवळनं सूंकन गेला आणि पडवीच्या पत्र्यावर आपटला. माझ्या हातातलं ताट खाली. तांदूळ सगळ्या पडवीभर.

आत्या आतून ओरडल्या, "काय फुटलं रं?"

"काय न्हाई, आई. बिट तुटलं."

काय न्हाई म्हणे! जरा इकडे असतं तर डोळाच गेला असता. मी तुटलेला तुकडा शोधून काढला आणि बघत बसले. बघता बघता भीतीची जागा रागानं घेतली. ते भोक पाडायचं बिट होतं. त्याला धार होती ती फक्त टोकाला. हे आमच्या दवाखान्यातलं पहिल्या दिवशीचं शिक्षण. दाढेत शिरायला एक बर, म्हणजे दात कोरायचं फिरतं पातं, लागतो, त्याचं टोक गोल असतं. शिरल्यावर आतल्या आत कड कापत न्यायची तर दुसरा, त्याच्या अंगाला उभी धार असते. पहिल्यानं दुसऱ्याचं काम करायला गेलात तर बर तरी मोडतो नाही तर दाढ.

मी म्हटलं, "बिटं मी आणते. तुम्ही दुकानात जायचं नाही."

"तू?"

"रोज हेच करते मी. फक्त तुमचं लाकूड ओरडत नाही."

यावर हे हसले. मोठ्यानं. मला लय बरं वाटलं, आमच्या आत्यांच्या भाषेत सांगायचं तर.

मिरजेत स्टेशनकडे जाताना यंत्रांच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. दुपारच्या सुट्टीत तिथं गेले. मालकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "शिलाई मशीनचं काय हवंय?" मी पिशवीतून राउटरची चावी, नट आणि बिट धरणारी चिमटीसारखी नळी काढून काउंटरवर मांडली. मग कपडे धुवायच्या साबणाची एक वडी काढून शेजारी ठेवली. त्यांचे डोळे पांढरे झाले.

"बाई, हे काय?"

"बिटं दाखवा. प्रत्येक मी ह्याच्यावर फिरवून बघणार."

पुण्याहून आलेली एक लाकडी पेटी त्यांनी आतून आणली. खरं तर मनात धाकधूक होती. पण साबण खोटं बोलत नाही. बिट वडीवर टेकवून बोटांनी गोल फिरवत पुढं ओढायचं, की ते लाकडात कशी खाच पाडेल ते दिसतं. टोकदार बिटानं खोल, बारीक रेघ उमटली, नखानं ओढावी तशी. गोल तोंडाच्या बिटानं उथळ पन्हळ पडली, पाकळीच्या पोटाला हवी तशी. सपाट बुडाच्या सरळ बिटानं पार्श्वभूमी खरवडून सपाट करता येणार होती. ही तीन निवडली. मालक एक जाडजूड, नक्षीदार, खाली छोटं चाक लावलेलं बिट पुढे करत होते. "दाराच्या कडेला लय भारी उठाव देतं." त्याचा घेर बघूनच मी ते परत सरकवलं. आमचं मशीन लहान, एवढ्या बिटाला ते फिरवतच बसलं असतं आणि यांच्या मनगटाला हिसके.

मग दांडीचा प्रश्न. बिटाची दांडी मशीनच्या नळीत बसते. मालकांनी दिलेली पहिली तिन्ही सहा मिलिमीटरची निघाली. आमची नळी पाव इंचाची. फरक केसाएवढा, पण नळीत घालून बघितलं तर दांडी डुगडुगली. मालक म्हणाले, "कागदाचा एक वेढा द्या, बसतंय." मी एकदम ओरडलेच, "दाढेत कागद घालून बर फिरवता का तुम्ही?" दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शेवटी पाव इंची दांडीची, टोकाला कार्बाइडची कठीण धार लावलेली तीन बिटं मिळाली. सागवान साध्या पोलादाची धार लगेच खातं आणि मग बिट कापण्याऐवजी जाळत सुटतं, हे मालकांनीच सांगितलं. ते मात्र मला माहीत नव्हतं.

घरी येऊन मी सगळा प्रकार रंगवून सांगितला. साबण, मालकांचा चेहरा, दाढेतला कागद. हे ऐकत होते. एवढं खूष मी स्वतःला कधी बघितलं नसेल. मग मी दवाखान्यातले नियमही सांगितले. बिट बसवताना दांडी कोरडी हवी, नळी कोरडी हवी. ओलसर असेल तर पकड सुटते आणि फिरता फिरता बिट खाली उतरत जातं. हे म्हणाले, "ठाव हाय मला." सुतारानं शिकवलेलंच असणार.

त्यानंतरचे महिने बरे गेले. आंब्याच्या फळ्यांवर वेली, पानं, मग फुलं. हात खरंच चांगला होता यांचा. एका दमात वळण घ्यायचे, कुठं थांबल्याची खूण नाही. भाद्रपद संपता संपता माझा साताऱ्याचा भाऊ आला. त्याचं नवं घर बांधून होत होतं, दिवाळीच्या पाडव्याला गृहप्रवेश. यांचं काम बघून तो उभ्या उभ्या म्हणाला, "दाजी, माझ्या पुढच्या दाराची मधली फळी तुम्हीच कोरा. कडेनं वेल, मधोमध कमळ." सागवानाची सलग, रुंद फळी त्यानं साताऱ्याहून टेम्पोनं पाठवली. मी ती पुन्हा पुन्हा हात फिरवून बघितली. हीच ती फळी, एवढी झाली की हे इथंच.

नवरात्रात वेल पुरी झाली. कमळ यांनी राखून ठेवलं, दसऱ्याच्या मुहूर्तावर काढायचं म्हणून. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा. मी दवाखान्यातून आले तर आत्यांनी पाटावर सगळं मांडलेलं. विळी, कोयता, माझी कात्री, यांचं मशीन, आणि माझी तिन्ही बिटं. गावाकडं कोयता पुजतात तसं त्यांनी बिटांना न्हाऊ घातलं होतं, उन्हात वाळवलं होतं, खोबरेल चोळलं होतं आणि वर हळदकुंकू वाहिलं होतं. मशीनच्या तोंडातही बोट घालून तेल लावलेलं. झेंडूची माळ मुठीला. मला ते फार छान वाटलं. दुसऱ्या दिवशी हे पुसून घेतीलच, एवढाच विचार मनात आला, आणि मी नमस्कार करून पुरणाचं बघायला गेले.

दसऱ्याला दवाखाना बंद. सकाळी मी पुऱ्या लाटत होते, पडवीत मशीन सुरू झालं. त्या आवाजाची मला आता सवय होती. तळणीत पहिली पुरी सोडली आणि आवाज बदलला. जड झाला, खाली गेला. दवाखान्यात बर दाढेत जास्त खोल उतरला की असाच होतो, आणि डॉक्टर त्या क्षणी खालच्या बटणावरचा पाय उचलतात. इथं तो तसाच चालू राहिला. हातातलं लाटणं घेऊनच धावले.

मी पोचले तेव्हा मशीन बंद झालं होतं. कमळाच्या मधोमध, जिथं गाभा यायचा तिथं, आरपार भोक. खालचं लाकडी टेबलसुद्धा कोरलं गेलेलं. कडेची माती मी बघत राहिले, म्हणजे भुसा, पण मला ती मातीच वाटली. आत्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून "आगं आई गं" एवढंच म्हणाल्या.

"हात चुकला," हे म्हणाले. मशीनची वायर गुंडाळली. "मित्राला कळवतो. दिवाळी झाली की निगतो."

सण कसा गेला मला आठवत नाही. सोनं द्यायला आलेल्यांना मी हसून सोनं दिलं असणार. संध्याकाळी अंथरुणाला पाठ टेकली ती दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत उठले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जाण्याआधी, सवयीनं मी बिट सोडवायला गेले. हत्यार वापरलं की काढून पुसून ठेवायचं, त्यात सुतक पाळत नाहीत. नट सैल केला, बिट ओढलं, आणि माझी बोटं लालपिवळी झाली. तेल, हळद आणि कुंकू यांचा चिकट लेप दांडीवर तसाच. नळीच्या आतही. आणि दांडीवर गोल गोल चकाकणारे ओरखडे, घसरत उतरल्याचे.

हात चुकला नव्हता! बिट घसरलं होतं! आधी आत्यांचा राग आला, तो पापणी लवायच्या आत गेला, कारण त्याहून मोठा आनंद झाला. आणि त्या आनंदात डोकं असं भराभर चालायला लागलं, की भोकाचंही उत्तर सापडलं. दाराची फळी ना ती? मग त्या भोकात पितळी कडी बसवायची, दार ठोठावायची. कमळाच्या गाभ्यात कडी. मुद्दाम केलंय असं वाटेल. भाऊ तर नाचेल.

हे स्वयंपाकघरात चहा पीत होते. आत्या शेजारी मेथी निवडत बसलेल्या. मी तेलकट बिट पुढं धरलं आणि एका श्वासात सगळं सांगून टाकलं. तेल, ओरखडे, कडी. "तुमचा हात नाही चुकला! बिट उतरलं! ऐकताय ना?"

हे कपात बघत म्हणाले, "ठाव हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तेल हुतं त्ये. बसवताना बोटाला लागलं की."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. "मग पुसलं का नाही?"

"आईनं पुजलेलं. सणाच्या दिवशी कसं पुसायचं?"

मी काही बोलणार तोवर आत्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हंजी माज्या तेलानं झालं व्हय त्ये?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून यांच्याकडे वळल्या. "पर काय रं, पूजा नवमीची. दसऱ्याला हत्यार पुसूनच हातात घेत्यात. तुजा बा कवा तेलाचा कोयता घिऊन फडात गेला न्हाई, हात निसटंल म्हनून. आन तू फौजंत बंदुका पुजत हुतास न्हवं? तवा तेल पुसल्याबिगार गोळी झाडत हुतास व्हय?"

यांनी कपावरची नजर काढली नाही.

"बोल की रं बाबा."

"न्हाई," हे म्हणाले. "पुसायचो."

मला एकदम त्या आवाजाची आठवण झाली. खाली गेला आणि तरी चालू राहिला.

"बिट उतरतंय हे तुम्हाला कळलं होतं," मी म्हटलं. विचारलं नाही, म्हटलंच.

"कळलं."

"बंद करता आलं असतं."

"आलं असतं." कप खाली ठेवून यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "न्हाई केलं. मला हितं सुधरंना गं. तिकडं शिट्टी झाली की उठायचं, शिट्टी झाली की जेवायचं. हितं सकाळी तू जातीस आन दिवस म्होरं नुसता पसरलेला असतो. सुट्टीवर यायचो तवा घर लय ग्वाड लागायचं. माघारी जायचं असायचं न्हवं."

इतक्या वर्षांत मला एकदाही शंका आली नव्हती. मी समजत होते की आम्ही दोघं एकाच दिवसाची वाट बघतोय. मी इथं, ते तिथं. मी एकटीच बघत होते.

"मग आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

"सांगनार हुतो. तर तू बिटं घिऊन आलीस. साबनाची वडी, त्यो दुकानदार, काय काय सांगत हुतीस. लय हसत हुतीस. मग कसं सांगायचं?"

रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. भांडावंसंही वाटलं नाही, आणि याचंच मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "जा तुम्ही. दिवाळीचीही वाट नका बघू." आत्या हुंदका देऊन मोरीकडे गेल्या. मी बिट फडक्यात पुसलं, डब्यात ठेवलं, पर्स घेतली आणि बस पकडली. दिवसभर डॉक्टरांच्या हातात बरोबर हत्यारं देत होते. एकदाही चुकले नाही.

संध्याकाळी परतले तर पडवीत काळी ट्रंक उघडी होती आणि हे घड्या घालत होते, फौजेतल्यासारख्या चौकोनी. तोंडानं काहीतरी गुणगुणत होते. मला बघून थांबले. मी आत जाऊन पीठ मळायला घेतलं. आत्या चुलीशी बसल्या. मी भाकरी थापत होते, त्या भाजत होत्या. हे पानावर बसले आणि एक भाकरी संपवून दुसरी मागितली, दुसरी संपवून तिसरी. मेथीची भाजी तीनदा घेतली. कायमचे घरी आल्यापासून यांना असं पोटभर जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.